चार नंबरची गाडी

गाडी ओळखायची असेल तर तिच्या तोंडासमोर उभं राहून उपयोग नसतो. तोंडाला रंग फासता येतो, दुसऱ्या गाडीचं बॉनेट बसवता येतं आणि कंपनीचा बिल्ला तर बाजारात सुटा मिळत असे. मी आधी गाडीखाली आडवा व्हायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, मिस्त्री दमलेला दिसतो.

पन्नास सालानंतरची आठ-नऊ वर्षं मी चांदा जिल्ह्यात हे काम केलं. आज त्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले आहेत. तेव्हा तो एकच होता, आणि मध्य प्रदेशात होता. युद्ध संपल्यावर सरकारने लष्कराच्या गाड्या ढिगाने लिलावात काढल्या. आम्ही त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचो. त्यातल्या पुष्कळशा आमच्याकडे सागवान ओढायला आल्या. कागद एका गाडीचे, इंजिन दुसरीचं, चाकं तिसरीची, असा सगळा कारभार. तेव्हा समोर उभी आहे ती गाडी मुळात कोण, हे सांगणारा माणूस लागायचा. मी वरोऱ्याचा. युद्धात लष्करी वर्कशॉपमध्ये पाने उचलून देता देता काम शिकलो होतो. या गाड्या मी कपडे उतरवलेल्या बघितल्या होत्या, त्यामुळे त्या मला फसवू शकत नव्हत्या. निदान मला तसं वाटायचं.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. इंजिन बदलतं, बॉडी बदलते, चाकांचं तर विचारूच नका. फ्रेम बदलत नाही. फ्रेम म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारे दोन लांब लोखंडी गर्डर. त्यावरच बाकीचं सगळं बसतं. पुढच्या चाकाजवळ त्या गर्डरवर एक नंबर ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस घासलेटने धुवायचं, वरून खडू घासायचा, की खोलगट आकडे पांढरे होऊन वर येतात. शेवटचा शब्द त्या आकड्यांचा. नटबोल्टही बोलतात. विलायती गाडीचा पाना अमेरिकन नटावर फिरतो पण पकडत नाही, आणि जर्मन इंजिनाला दोघांचेही पाने चालत नाहीत. पाना बसला की गाडीचा देश कळतो.

मूल गावाकडच्या एका मालगुजारांनी, म्हणजे तिकडच्या जमीनदारांनी, मला एकदा बोलावून घेतलं. मालगुजारी नुकतीच गेली होती, आणि गोठ्यात उभी असलेली मोटार त्यांना काढून टाकायची होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायचं नाही, या अटीवर मी मोटार तपासली. इंजिन अमेरिकन, मागचा धुरा, म्हणजे चाकांचा आस, कुठल्यातरी लॉरीचा, फ्रेमला मधोमध जोड. मालगुजार वेताचा मोडा टाकून बाजूला बसले होते. वडिलांनी आणलेली शुद्ध विलायती मोटार, असं ते गावाला चाळीस वर्षं सांगत आले होते. मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "भोंगा?"

"भोंगा विलायती आहे," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

दुसरा एक शेतकरी. त्याने लिलावातून ट्रॅक्टर आणला होता, आणि धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पहिल्याच दिवशी तो धुऱ्यापर्यंत रुतला. आठ हेले जुंपून, म्हणजे आमच्याकडचे रेडे, लोकांनी तो बाहेर काढला आणि मला बोलावलं. मी खाली जाऊन बघितलं तर वजनासाठी पोटात लोखंडाच्या लाद्या भरलेल्या. ते यंत्र विमानतळावर विमान ओढायचं होतं. मी त्याला तसं सांगितलं. त्याने डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं आणि म्हणाला, "मंग आता इमान कुठून आणू?"

अशा गमती पुष्कळ आहेत आणि लोकांना त्याच आवडतात. मीही जिथे जाईन तिथे त्याच सांगत आलो. आता ऐंशी उलटली आहे, म्हणून जे सांगत नव्हतो ते लिहितो.

लाकडाच्या एका ठेकेदाराकडे मी नोकरीला होतो. त्याचा डेपो जंगलात, बल्लारपूरच्या रेल्वेपासून दीड-दोन दिवसांच्या वाटेवर होता. सात गाड्या, सगळ्या एकाच जातीच्या, एकाच लिलावातल्या. रंगाने त्यांच्यावर एक ते सात आकडे काढले होते. दसरा-दिवाळीपासून जेठापर्यंत डेपो गजबजलेला असे. तोडणारे, चढवणारे, गाडीवान, मुकादम. पहिला मोठा पाऊस आला की रस्ते बंद. सगळे आपापल्या गावी रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जात. गाड्या सागाच्या ठोकळ्यांवर चढवून, चाकं काढून, चार महिने तशाच ठेवायच्या. त्यांच्यासोबत मला ठेवायचं. या चार महिन्यांत मी सातही गाड्यांची इंजिनं उतरवून खोलायचो.

त्या चार महिन्यांबद्दल लोक विचारतात, तेव्हा त्यांना वाघाची गोष्ट हवी असते. वाघ होता, पण मी त्याला फारसा बघितला नाही. मला आठवतं ते वेगळंच. मीठ ज्या कागदात बांधून यायचं तो वर्तमानपत्राचा तुकडा मी सरळ करून वाळवायचो आणि वाचायचो. अर्ध्या बातम्यांचा शेवट फाटलेला असायचा. तो शेवट काय असेल याचा विचार करत मी दोन-दोन दिवस काढलेले आहेत. डेपोचा राखणदार लालसू नावाचा म्हातारा गोंड होता. सकाळी यायचा, टायरवर बसायचा, संध्याकाळी उठून जायचा. त्याला मराठी चार शब्द येत, मला गोंडी तीन. दोघांचे मिळून सात शब्द, ते आषाढातच संपायचे. लोक म्हणत, मिस्त्री गाड्यांशी बोलतो. खोटं आहे. मी माझ्याशीच बोलत होतो, फक्त मोठ्याने.

चार नंबरच्या गाडीवर गणपत ड्रायव्हर होता. मूलच्या पलीकडच्या एका छोट्या गावचा, माझ्याच वयाचा. डेपोत माझ्याजवळ येऊन बसणारा तो एकटाच. गाडी बंद केली की थेट माझ्या खोपटात यायचा, तंबाखू मळायचा आणि गाडीच्या तक्रारी अशा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा सासुरवाडीहून आला आहे. मी चिडायचो. तो आणखी सांगायचा. बाकीचे ड्रायव्हर काम झालं की निघून जात. हा काम नसतानाही बसायचा.

एका वर्षी मृगाच्या आधी शेवटचा माल घेऊन तो बल्लारपूरला निघाला, तेव्हा माझं पावसाळ्याचं सामानही त्यालाच आणायचं होतं. तांदूळ, मीठ, घासलेट. निघताना म्हणाला, "मिस्त्री, औंदा वापस आलो का पंधरा दिवस तुह्यासंगं राहतो. इंजिन खोलाचं शिकव मले. मंग जातो घरी रोवण्याले."

"तुझ्याने होणार आहे का?" मी म्हणालो.

"नाई झालं तं तुले बोलाले कोनी तं राहील," तो म्हणाला आणि गेला.

मी त्याच्यासाठी खोपटात दुसरी बाज विणून ठेवली. आज लिहितानाही हे लिहू की नको असं झालं होतं, पण विणली होती.

तो आला नाही. चार दिवसांचं काम, दहा दिवस झाले. मग पाऊस लागला आणि नद्या भरल्या. जंगलात गाडीचा आवाज कोसावरून येतो. मी हातातला पाना थांबवून ऐकायचो. रोज कितीदा ऐकलं त्याची गणती नाही. सामान संपलं, तेव्हा लालसू त्याच्या घरून कोदो आणि आंबाडी आणून द्यायला लागला. त्याने एक शब्द न बोलता मला चार महिने जगवलं. मी त्याचे उपकार मानायचे सोडून गणपतला लाखोली वाहत होतो. आधी काळजी होती. मग भाद्रपदात कधीतरी काळजीचा राग झाला. बल्लारपूरला आरामात पडला असेल, घरी गेला असेल, इथे कुजायला एकटा मिस्त्री आहेच. त्या बाजेवर मी जुने गॅस्केट वाळत घातले.

पाऊस उघडून माणसं आली, तेव्हा कळलं की गणपत घरीही गेला नव्हता. बल्लारपूरहून सामान भरून तो निघाला, इथपर्यंत खबर होती. पुढे गाडीही नाही आणि माणूसही नाही. वाटेत एक नदी लागायची. उन्हाळ्यात वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून तिच्यातून गाड्या काढत. लोक तिथे शोधून आले. सपाट वाळू होती. मालकाच्या मनात पहिल्या दिवसापासून एकच होतं, की ड्रायव्हरने गाडी पळवून विकली.

हिवाळ्यात निरोप आला. सरहद्दीच्या नदीपलीकडे तेव्हा हैदराबाद राज्य होतं. तिथल्या पोलिसांना एक बेवारस ट्रक सापडला होता, आणि त्याच्या इंजिनाचा नंबर आमच्या चार नंबरच्या कागदांवरच्या नंबराशी जुळत होता. ओळख पटवायला मला आणि आमच्याकडच्या एका पोलीस जमादाराला पाठवलं. ट्रक एका ठाण्याच्या आवारात चिखलात बसला होता. चाकं नव्हती, रंग दुसराच होता. मी बॉनेट उघडलं, इंजिनाचा नंबर वाचला, कागदाशी ताडून बघितला. जुळला.

"ही तीच?" जमादाराने विचारलं.

"तीच," मी म्हणालो.

फ्रेम चिखलात होती. अर्धा तास उकरलं असतं तर आकडे दिसले असते. मी उकरलं नाही. इतकी वर्षं लोकांना जे सांगत आलो, फ्रेम बघा, फ्रेम बघा, ते मी त्या दिवशी केलं नाही. त्याचं कारण चिखल नव्हतं. मला तो ट्रक तोच हवा होता. चार महिने ज्याच्यावर राग धरला तो खराच रागाच्या लायकीचा निघाला, याचं मला मनातून बरं वाटलं होतं.

जमादाराने विचारलं, "काऊन केलं असंल त्यानं? बायको हाये, घर हाये."

"इकडे दुसरी कोणी केली असेल," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. मला तसं काही माहीत नव्हतं. गणपतने कधी कुठल्या बाईचा विषयही काढला नव्हता. पण मी ते म्हणालो, जमादाराने ऐकलं, आणि आम्ही परत आलो. गणपतच्या नावाने वॉरंट निघालं. ट्रक दोन राज्यांच्या कागदांत अडकून तिथेच मुद्देमाल म्हणून राहिला. मी माझ्या कामाला लागलो.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात नदी फार आटली. आमच्या वाटेवरच्या उताराच्या खाली एक डोह होता. तिथे जाळं ओढताना एका ढिवराच्या पायाला लोखंड लागलं. त्याने वाळू उकरली, तर गाडीचं चाक निघालं. मला बोलावणं आलं तेव्हा बाजूची वाळू काढून झाली होती. ट्रक डाव्या कुशीवर पडला होता.

या खेपेला मी सोबत घासलेट आणि खडू नेला होता. खाली उतरलो, फ्रेम धुतली, खडू घासला. आकडे पांढरे होऊन वर आले. चार नंबरच्या गाडीचे होते. पुन्हा धुतलं, पुन्हा घासलं. तेच. मग बॉनेट उघडलं. इंजिनावरचा नंबर कागदातला नव्हता, आणि तो बघितल्याबरोबर मला सगळं आठवलं.

गणपत गेला त्याच्या आदल्या पावसाळ्यात चार नंबरच्या इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे ज्याच्यावर इंजिनाचा नंबर असतो त्या मुख्य भागाला, भेग पडलेली मला सापडली होती. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की असं होतं. सहा नंबरची गाडी मोडीत निघाली होती, तिचं इंजिन मी चारमध्ये बसवलं. भेगेचा ब्लॉक भंगाराच्या खेपेतून चांद्याला गेला. कागदांवर नंबर बदलायचा राहिला. कोण बदलतो? गाड्या सारख्या, इंजिनं सारखी, जे हाताला लागेल ते बसवायचं, अशीच आमच्या कामाची रीत होती. भेग पडलेला ब्लॉक कोणीतरी शिवून, म्हणजे भेग सांधून, घेईल आणि तो दुसऱ्याच ट्रकमध्ये बसून नदीपार सापडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पण मी तो स्वतःच्या हाताने उतरवला होता. शांत डोक्याने एकदा विचार केला असता तर आठवलं असतं.

मी उठून उभा राहिलो तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं दार माझ्यासमोर आलं. गाडी डाव्या कुशीवर असल्याने तेवढंच एक दार वर, उघड्यावर होतं. ते तारेने बांधलेलं होतं. मी डावखुरा आहे. मी पिळलेल्या तारेचा पीळ उलटा पडतो, सगळ्या डेपोत तसा दुसऱ्या कोणाचा पडत नव्हता. दाराचा खटका तुटला होता, सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून मी ते बाहेरून बांधून टाकलं होतं. काच फुटली होती, तिथे पत्रा ठोकला होता. गणपत दुसऱ्या दाराने चढायचा-उतरायचा. दुसरं दार वाळूखाली होतं.

वर कुठेतरी वळीव पडून अचानक आलेल्या पुरात ट्रक कलंडला तेव्हा गणपत शुद्धीवर होता की आदळून बेशुद्ध झाला होता, हे मला कधीच कळणार नाही. लोकांनी मला समजावलं की पुरात उघडं दारही उघडत नाही. असेल. मी पक्कड घेऊन ती तार तोडली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तोडली. आतून वाळू काढली आणि जे निघालं ते पोलिसांनी पांढऱ्या कापडात बांधलं. त्यात एक चुन्याची पितळी डबी होती. ती मी ओळखली.

पंचनामा होऊन ते गाठोडं घरी पोचायला दोन दिवस लागणार होते. मी म्हणालो, मी पुढे जातो, सांगतो. नको म्हणायला कोणाला काही कारण नव्हतं. कोणालाच ते सांगायला जायचं नव्हतं.

मूलपर्यंत मोटारीने गेलो, पुढे चालत. सकाळची वेळ होती. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली बाया फुलं वेचत होत्या. मी विचारलं, गणपत ड्रायव्हरचं घर कोणतं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने लांबच्या झाडाकडे हात दाखवला. ती बाई इतरांपासून दूर, एकटीच वेचत होती. तिचं नाव सुभद्रा. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं.

"मी डेपोतला मिस्त्री," मी म्हणालो.

"तुमचं नाव काढे तो," ती म्हणाली. हात थांबले नव्हते. "काऊन आले?"

"गाडी सापडली. गणपतची. नदीत होती."

"अन् तो?"

"गाडीतच होता. त्याच खेपेला गेला तो, बाई. आपल्या वाटेवर, सामान घेऊन परत येताना."

ती खाली बसली. टोपलीतली फुलं तिने उगाच वरखाली केली. मग म्हणाली, "मंग तेलंग्यातली गाडी कोनाची होती?"

"दुसऱ्या कोणाची. मी नंबर चुकीचा बघितला."

त्यानंतर मी तारेचं सांगितलं. वाटभर त्याचीच जुळवाजुळव करत आलो होतो. दार मी बांधलं, पत्रा मी ठोकला, दुरुस्त करायचं ते पुढे ढकलत गेलो. तिने मान हलवली.

"थे मालूम हाये मले. तो सांगे. तिकडून उतरता उतरता गिअरच्या दांड्यात धोतर फाडे, अन् मीच शिवो. सगळ्याच गाड्या तशा बांधून राहतेत, म्हने." तिने माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "त्यानं दुसरी केली म्हून कोन सांगतलं होतं?"

हे मी जुळवून आणलं नव्हतं. जमादार बदलून गेला होता. बाकी कोणाला माहीत नव्हतं. लोक म्हणत होते, एवढं म्हणालो असतो तरी ते खोटं ठरलं नसतं.

"मी," मी म्हणालो.

"तुमी पाह्यली होती तिले?"

"नाही."

"मंग?"

"राग आला होता. येतो म्हणाला होता आणि आला नाही. मी तिथे एकटा होतो."

"एकटी तं मी बी होतो," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ती सांगायला लागली, जणू शेजारणीशी बोलत होती. गावात खबर आली तेव्हा कोणी 'असेल' म्हणालं नाही. 'केली' म्हणाले. नाव, जात, पोरं किती, तेही गावाने ठरवून टाकलं. बाया हळदीकुंकवाला बोलवायच्या थांबल्या नाहीत, बोलवून तोंडाकडे बघत. म्हणून ती जायची थांबली, वेचायला दूरच्या झाडाखाली यायला लागली. "अन् मी त्याले शिव्या देल्या, मिस्त्रीभाऊ. तीन वर्स. सकारी उठलो का पयले त्याले. तो तथी नदीत, अन् मी इथी त्याले शिव्या देऊन राह्यलो होतो. थे आता कसं करू?"

यंत्रात चूक झाली तर खोलून पुन्हा बसवता येते, या समजुतीवर माझा सगळा जन्म गेला होता.

ती उठली. टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"गावात. घरोघरी चला. तुमच्या तोंडानं सांगा."

बावीस घरं होती. ती पुढे, मी मागे. प्रत्येक दारात ती बाजूला उभी राहायची आणि मी सांगायचो. गणपत ड्रायव्हर चोर नव्हता. तो त्याच खेपेला नदीत बुडून मेला. त्याला दुसरी बायको नव्हती, ते मी रागाने बोललो होतो. एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून मला बसायला घोंगडी टाकली. सुभद्राने मला बसू दिलं नाही. एका बाईने दोनदा विचारलं, "मंग थे पोट्टे कोनाचे म्हनत होते?" मी दोनदा सांगितलं की पोरं नव्हती, बाई नव्हती, काही नव्हतं. काही जण दार लावून आत गेले. त्यांच्या दाराबाहेर उभा राहून मी मोठ्याने सांगितलं. ऊन वर आलं. मागे माणसं जमत गेली, पण ती कोणाशी बोलली नाही आणि कुठे थांबली नाही. डोळ्याला पाणी तर मुळीच नाही.

शेवटचं घर तिचं स्वतःचं होतं. तिने टोपली ओसरीवर ठेवली, दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत जाऊन, माझ्याकडे तोंड करून, त्या एकवीस घरांतल्या माणसांसारखी उभी राहिली.

"आता इथी सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. गणपत चोर नव्हता. घरी परत येत होता. त्याला दुसरी कोणी नव्हती.

तेव्हा ती रडली.